आत्याचं उघड्या शेतातलं मचाण

सुनीलचा फोन आला तेव्हा मी शिळफाट्यावर भाजी घेत होतो. "आई गेली रे," एवढंच तो बोलला. गणपती नुकतेच गेले होते. का कोण जाणे, पहिला विचार आला तो असा... भात पोटरीत आलंय, आता मचाणावर कोण बसणार?

सुनीलची आई, सावित्रीआत्या, ही माझ्या वडिलांची थोरली बहीण, भिवपुरीजवळच्या गावात दिलेली. माझे आजोबा जुन्या काळी शिकारीला जात. झाडावर मचाण बांधून रानडुकराची वाट बघत, आणि लहानग्या आत्याला सोबत नेत. बंदुकीची तिला कधी ओढ वाटली नाही. पण न हलता बसणं, वाऱ्याचा रोख ओळखणं, गवत हललं की कोण आलं ते सांगणं हे ती तिथेच शिकली.

काही वर्षांपूर्वी डुकरांनी तिचं निम्मं भात तुडवलं. शेजारच्या बबनने कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडला होता. सुनीलही तेच म्हणू लागला. आत्या ऐकेना. "तारेला काय कळतंय, डुक्कर हाय का माणूस? मला मचाण बांधून दे."

"आई, बांधायला झाड कुठाय?"

खरंच नव्हतं. आजूबाजूच्या जमिनी फार्महाऊसवाल्यांना गेल्या, बांधावरची आंब्या-ऐनाची झाडं तुटली. मग सुनीलने शेतातल्या खडकाळ उंचवट्यावर चार बांबू सरळ रोवून मचाणाचा माळा उभारला. पहिल्याच वादळी वाऱ्यात तो आत्यासकट आडवा झाला. मनगट मोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा सून वैशाली रडवेली होऊन म्हणाली, "दादा, तुम्हीच सांगा यांना, आता पुरे." प्लास्टरमधला हात सांभाळत आत्या सुनीलकडे वळली, "चूक तुझ्या बांबूंची हाय. नवं वासरू उभं राहताना पाय फाकवतं ना? तसं कर."

दुसरं मचाण तसंच झालं. पाय फाकवून खोल पुरलेले, मधे तिरक्या बांबूंचे आधार, चारी कोपऱ्यांना खुंट्यांशी ताणलेले दोर. शिडीच्या पायऱ्या वैशालीने स्वतः आवळून बांधल्या, तोंडाने बडबडत. मग भात भरायच्या दिवसांत रोज उन्हं कलली की आत्या वर चढे. डुकरं दिसली की तेलाचा रिकामा डबा बडवायचा आणि घसा फोडून ओरडायचं. तिच्या हाकेने माळावरचे बगळेही उडत.

अशाच एका संध्याकाळी तिला वरून बबनची बायको रंजना दिसली. सुटलेल्या रेड्यामागे ती धावत होती, थेट तारेच्या दिशेने. खालून गवतात तार दिसण्यासारखी नव्हती. "रंजे, थांब! तार हाय गं! थांब!" आत्याने डबा असा बडवला की चेपला. रंजना हातभर अंतरावर थबकली. रेडा मात्र तारेवर गेला आणि तिथेच कोसळला.

सकाळी बबन तार गुंडाळून घेऊन आत्याच्या अंगणात आला. आत्या म्हणाली, "बस. चहा घे. आन् बांबू तोडायला कवा जायचं ते सांग." त्या वर्षी त्याच्या शेतात मचाण उभं राहिलं, पुढल्या वर्षी आणखी तिघांच्या.

परवा, कापणीच्या तोंडावर, मी गावी गेलो. दिवस कलला होता. वैशालीने मला आत्याच्या मचाणावर बोलावलं. मी शिडी घट्ट धरून चढलो, पण मचाण जराही हललं नाही. खाली पिवळं भात बांधापर्यंत उभं, मागे माथेरानचा डोंगर. एवढ्यात पलीकडच्या मचाणावरून रंजनाने हाक दिली, "वैशाले, डुकरं तुझ्या बाजूला आलीत गं!" वैशाली ताडकन उठली, पदर खोचला आणि अशी ओरडली की मी दचकलो. गवत सळसळलं, डुकरं ओढ्याकडे पळाली.

"आवाज बसतो हो रोज," ती हसत म्हणाली. "आत्याबाई सांगायच्या, पोटातून ओरड, घशातून नाय. आता कुठं जमायला लागलंय."