प्लेटखालची पत्रिका

वर्कशॉपमधला भुसा रोज संध्याकाळी झाडला जातो. किस्से मात्र कोणी झाडत नाही, त्यामुळे ते साठतात. आमचं वर्कशॉप सातपूरला. जुने पियानो उघडून नव्यानं बांधायचे, हा धंदा. मालक विसपुतेकाका, प्लेट बसवायला योगेश, जोर लावायला जाधवमामा आणि तारांना मी.

प्लेट म्हणजे पियानोच्या पोटातली बिडाची चौकट. सगळ्या तारा तिलाच ओढत असतात आणि तो ताण मोजायला गेलं तर भरलेला ट्रक कमी पडेल. चौकट कुठे जराशी अधांतरी राहिली आणि वरून बोल्ट आवळले, की तारा ताणल्यावर तडा! बिडाला तडा गेला की पियानो गेलाच समजा. म्हणून जिथे फट दिसेल तिथे आम्ही जाड कागदाच्या चकत्या घालतो. आणि काकांच्या मते लग्नपत्रिकेसारखा कागद जगात नाही.

*

एकदा शेजारचे कुलकर्णी मुलीची पत्रिका घेऊन वर्कशॉपवरच आले. काकांनी ती हातात घेतली, खिशातून मायक्रोमीटर काढला आणि कोपरा मापला. मग खूश होऊन म्हणाले, "वा! अगदी हवी तेवढी जाड!"

कुलकर्णी म्हणाले, "अहो, मुलीचं नाव तरी वाचा!"

लग्नाला मात्र काका गेले. चांगला आहेर केला आणि येताना टेबलावरच्या उरलेल्या पत्रिका मागून आणल्या. तेव्हापासून त्यांचा योगेशमागे एकच धोशा, "सगळ्यांच्या पत्रिका वापरून झाल्या, तुझी कधी येणार?" योगेश नुसता लाजायचा.

*

जाधवमामा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर होऊन आमच्याकडे आले. तिथली सवय अशी, की पाना लावायचा, पान्याला पाइप लावायचा आणि पाइपला लटकायचं. पहिल्याच आठवड्यात ते प्लेटच्या बोल्टला लटकले.

"मामा, हे टर्बाइन नाही!" काका ओरडले.

"मग बोल्ट कशाला दिलाय?"

काकांनी वाद घातला नाही. पाना घेतला, ग्राइंडरवर त्याचा दांडा बोटभर ठेवून बाकीचा कापला आणि मामांच्या हातात दिला. "आता लावा जोर!" मामा अजून तोच पाना वापरतात आणि नवीन माणसाला अभिमानानं सांगतात की तो खास त्यांच्यासाठी बनवलाय.

*

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. एका वर्षी एक प्लेट नुकतीच रंगवून ठोकळ्यांवर ठेवली होती. सोनेरी, चकचकीत. काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. इतक्यात मामांनी नारळ उचलला आणि फोडायला थेट प्लेटवर आणला!

आम्ही सगळे किंचाळलो. काकांनी मात्र मध्ये स्वतःचा हात घातला. नारळ फुटला नाही. काकांचा अंगठा वांग्याएवढा झाला.

काकू रडकुंडीला आल्या. "हात कशाला घालायचा मेला!"

"अंगठा भरून येतो," काका म्हणाले, "बीड नाही."

*

आता योगेशचं. देवळ्याच्या निकमआप्पांची सोनाली त्याला आवडली होती, सोनालीलाही तो पसंत होता. अडलं होतं आप्पांपाशी. आप्पा कांद्याचे व्यापारी. पोरगा पियानो बांधतो हे ऐकून ते गावभर विचारत सुटले, "आपल्याकडं पियानो हायेतच किती?" शेवटी म्हणाले, "सोता येऊन बघतो, मंग ठरवतो." योगेशची झोप उडाली. मला त्याची दयाच यायची, पण चिडवायचं काही सोडलं नाही.

आप्पा आले ते नेमके प्लेट बसवायच्या दिवशी. चेनपुलीला टांगलेली प्लेट योगेशनं खाली घेतली, पाहिली, परत वर घेतली. प्लेटची उंची अशी हवी की पुढे चढणाऱ्या तारा खालच्या लाकडी घोडीवर हलकेच टेकतील. जास्त दाबल्या तर सूर घुसमटतो, सुटल्या तर पोकळ वाजतो. त्यामुळे चकती घाल, प्लेट उतरव, माप, परत उचल, असं चाललेलं.

"बसली ना? मंग परत कशाला उचलता?" आप्पा म्हणाले. "एवढ्यात माझा ट्रक भरून वाटंला लागला असता!"

मग चकतीकडे बघून, "ही कुणाची पत्रिका?"

"ज्याची जाड असेल त्याची," काका म्हणाले.

शेवटी मधला बोल्ट आला. तो केवळ हाताच्या अंदाजानं आवळायचा. जरा जास्त झाला तर प्लेटची मधली पट्टी वाकते आणि पुढे तिथेच तडा जातो. त्या वेळी आमच्याकडे कोणी बोलत नाही. आप्पांना हे कुठून माहीत असणार?

"पावनं, पुढं काय करायचं ठरवलंय?"

योगेश गप्प.

"मी काय विचारतोय?"

योगेशनं मानसुद्धा वर केली नाही. आणि मामांनी, ज्यांना आम्ही आयुष्यात कधी गप्प पाहिलं नव्हतं, त्यांनी आप्पांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं!

आप्पांनी टोपी सारखी केली आणि चहा न घेता निघून गेले.

बोल्ट बसला. योगेश स्टुलावर मटकन बसला. "गेलं," तो म्हणाला.

काकांनी घाबरून प्लेटवर टिचकी मारली. टण्ण! "काही गेलं नाही रे, छान बसलीय."

"प्लेट नाही काका. लग्न."



*

मग देवळ्याहून ना फोन, ना निरोप. सोनाली म्हणायची, आप्पा त्या विषयावर बोलतच नाहीत. योगेशनं डबा आणणं सोडलं.

त्याच पियानोवर मी तारा चढवल्या. ताण पूर्ण करायच्या दिवशी आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. शेवटची तार सुरात आली. प्लेट हूं की चूं न करता उभी राहिली. मी मागे वळले तर दारात निकमआप्पा! कधी आले होते कोण जाणे. चपला बाहेर, टोपी हातात आणि तोंडातून अवाक्षर नाही.

काकांनी मान डोलावली तेव्हा कुठे ते आत आले. योगेश भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे न बघता आप्पांनी पिशवीतून दोन कोरी कार्डं काढली आणि काकांपुढे धरली.

"प्रेसवाल्याचे नमुने हायेत. तुमचं ते माप लावा. प्लेटखाली कोणतं चालंल सांगा, तेच छापतो."