आभाराची ओळ

नोकरी सांभाळून मी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टिमच्या एका आवृत्तीसाठी अपडेटच्या सूचना लिहितो. एखाद्या प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त झाली, की कोणी काय अपडेट करायचं ते जगभर ईमेलने कळवायचं. काम फुकटचं, पण तोरा कलेक्टरचा. सूचनेच्या शेवटी चूक शोधणाऱ्याचे नावानिशी आभार मानतात. त्याला मिळतं ते तेवढंच.

मागच्या वर्षी इथे नाशिकला, सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढणाऱ्या मुलीने ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममधली एक चूक कळवली. ड्रॉइंगच्या फाइलमध्ये कोणी मुद्दाम गडबड केली, तर ती उघडणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये कोणालाही शिरता येत होतं. कामावरून सुटल्यावर आठवडाभर खपून तिने सगळं पायरीपायरीने लिहून पाठवलं होतं. मी मात्र रविवारी सकाळी, मिसळ खायला निघालेले मित्र खाली हॉर्न वाजवत असताना, सूचना उरकली. नेहमीसारखी जुनी सूचना कॉपी केली, मजकूर बदलला आणि आभाराची ओळ बदलायची राहिली. तिथे आधीच्या सूचनेतल्या परदेशी माणसाचं नाव तसंच गेलं.

सोमवारी तिचा फोन आला. नाशिकचाच म्हणून तिने माझा नंबर घेऊन ठेवला होता.

"सर, माझं नाव नाही आलं. माझं काही चुकलं का? बुधवारी इंटरव्ह्यू आहे, त्यांना दाखवायचं होतं."

"बघतो," मी म्हणालो.

बघण्यासारखं काय होतं? दुरुस्त सूचना काढायला दहा मिनिटं लागतात. पण ती पुन्हा सगळ्यांना जाते आणि आधी काय चुकलं ते वरच लिहावं लागतं. लोकांच्या चुका गावभर करणाऱ्या मला स्वतःची चूक लिहायची लाज वाटली. संध्याकाळी त्या परदेशी माणसाचाही ईमेल आला. हे काम माझं नाही, नाव काढा. त्यालाही बघतो म्हणून कळवलं.

शेवटी गुरुवारी दुरुस्त सूचना काढली. तिचं नाव घातलं, तिला लिंक पाठवली. उत्तर आलं, "थँक्यू सर. काल इंटरव्ह्यू झाला. नाही झालं काम."

नाव असतं तर झालं असतं का, कोण जाणे. हा प्रश्न मी स्वतःची सुटका करून घ्यायलाच विचारतो, हेही मला कळतं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात तिने आणखी एक चूक पाठवली, तितक्याच निगुतीने लिहिलेली. शेवटी म्हटलं होतं, "सर, नाव नाही टाकलं तरी चालेल. अपडेट तेवढं लवकर काढा."