एक चाल, दहा गाणी

पाचोऱ्याच्या वनाभाऊने एक्क्याण्णव साली हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढली. ढोलकी त्याची, पेटी माझी. एकच चाल आम्ही त्याच्या घरी एकदा वाजवून टेप केली. मग ती एका टेपवर लावायची, बाईने तिच्यावर गायचं आणि दुसऱ्या टेपवर सगळं उतरवायचं. दहा बायका, दहा गाणी, चाल तीच.

"लोक कंटाळतील," मी म्हणालो.

"हळदीत बाया कुठे चाल बदलतात?" वनाभाऊ फटकन बोलला.

पहिलीच बाई दुसऱ्या कडव्यानंतर दचकून थांबली. आम्ही वाजवत असताना वनाभाऊच्या आईने, भिकुबाईने, चुलीपाशून हाक मारली होती, "वना, चहा पी ले रे!" ती चालीबरोबर टेप झाली होती, आता दहाही गाण्यांत येणार. पुन्हा वाजवायला मी साफ नकार दिला. पेटी म्हणजे काय नळ आहे, हवा तेव्हा सोडायला? कॅसेट तशीच निघाली.

भिकुबाई गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही शिरपूरला एका लग्नाला गेलो. मांडवात बायका हळद लावता लावता गात होत्या. टेप नव्हता, ढोलकीही नव्हती. दुसरं कडवं संपलं, तशा त्या थांबल्या आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "वना, चहा पी ले रे!"

त्यातली एकही वनाभाऊला ओळखत नव्हती.

वनाभाऊ उठला आणि थेट आचाऱ्याकडे गेला. "दे रे भो, एक चहा. माय हाक मारी ऱ्हायनी."