नातवाची टोपी

लातूरच्या वृद्धाश्रमात मी नर्स आहे, आणि रविवारी सगळ्यांचे व्हिडिओ कॉल लावून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात. त्या रविवारी मात्र नांदेडचा नंबर मी सगळ्यात शेवटी लावला. हदगावकडच्या आमच्या एका आजींचा एकुलता एक लेक पंधरवड्यापूर्वी झोपेतच गेला होता. सुनेनं मला आधीच फोनवर बजावलं होतं, "सिस्टर, आईंना कळू देऊ नका. त्यांचं हार्ट झेपणार न्हाई." मी हो म्हणाले, आणि मधले रविवार रेंज नाही म्हणून टाळले. मोठी शहाणी मी!

सूनबाई टिकली लावून समोर आली. हे कामानं हैदराबादला गेलेत, म्हणाली. आवाज जरा कापला, पण आजींना तसंही कमी ऐकू यायचं. मग नातू आला. चांगला तिशीतला बाप्या, पंख्याखाली बसलेला आणि डोक्यावर क्रिकेटची टोपी!

"घरात टोपी कशाला रं?"

"सर्दी झाली लई, आजी."

अरे, थाप मारायलासुद्धा अक्कल लागते! पण आजी हसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

दर रविवारी फोन ठेवताना तो मोबाईलसमोर डोकं वाकवायचा आणि आजी काचेवर हात ठेवायच्या. हाडात मुरलेली सवय. त्यानं डोकं वाकवलं अन् टोपी खाली पडली. गुळगुळीत डोकं, मागं एवढीशी शेंडी. बापाच्या दहाव्याला केलेलं मुंडण आमच्याकडं कुणाला सांगावं लागतं का?

आता या किंचाळणार, कोसळणार, म्हणून मी गोळ्यांची डबी शोधायला लागले. डबी काही सापडेना. आजींचा हात काचेवरून हलला नव्हता.

"सुखी राहा, बाळा," त्या म्हणाल्या. "आईला जप."

आणि फोन माझ्या हातात दिला. ना रडणं, ना ओरडणं. मला त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची लाज वाटत होती.

"आजी, चहा आणू?"

"न्हाई. न्हाणीत पाणी काढ, माय. थंडच काढ."

"अहो, सकाळी झाली की तुमची आंघोळ!"

"सकाळी मला कुठं ठाव होतं?" पलंगाला धरून उठत त्या म्हणाल्या. "लेकाच्या सुतकाची आंघोळ राहिलीय माझी."