जुन्या पेन्शनीच्या मांडवात

हसायचं असन तर आताच हसून घ्या, मंग मधात थांबवू नका. माह्या हातून जे झालं ते मोताळ्यात लोकं अजून सांगतात, फक्त माह्यं नाव घेत नाहीत. विसरले म्हणून नाही, मी समोरच बसलेला असतो म्हणून.

मी जन्माचा आंधळा, पण गळा खणखणीत. सलीमभाईच्या ऑटोवर भोंगा, अन् आत मी. कोणाची म्हैस हरवली, कुठं कुस्त्याइची दंगल आहे, सारं माह्याच तोंडून तालुक्याले समजते. तेव्हा धंदा ढिला होता, त्यात सरकारची निराधारची पेन्शन थटली, येणंच बंद झालं. घरचा गॅस त्याच पेन्शनीवर चाले. कमल, म्हणजे माही बायको, चूल फुकून फुकून खोकत होती. एक दिवस म्हणे, "साऱ्या तालुक्याच्या म्हशी शोधता, आपली पेन्शन कुठं हरवली ते बी विचारून या."

सलीमभाईनं मले तहसीलच्या फाटकापाशी सोडलं अन् तो भाडं घेऊन गेला. काठी टेकत आत गेलो, तर पायाले सतरंजी लागली. वर मांडव असन, कारण ऊन लागेना. अन् चहूकडून लोकं ओरडून राह्यले, "जुनी पेन्शन द्या, जुनी पेन्शन द्या."

आता मले सांगा, ज्याची मागची पेन्शन थटली, त्याले याच्यातून काय समजन? मले वाटलं, सारा तालुका थकलेल्या पेन्शनीसाठी बसला, अन् आपणच घरी धूर खात होतो. मले तरी नवी कुठं पायजे होती? जुनीच तर पायजे होती.

एकानं हात धरून बसवलं. "या भाऊ. पाठिंबा द्याले आले का?"

"पाठिंबा कशाचा? माही बी थटली ना."

"साऱ्याइचीच थटली, भाऊ," तो म्हणे.

झालं. माणूस आपला वाटाले अजून काय लागते? त्याचं नाव सुरडकर. त्यानं विलायची घातलेला चहा देला, मंग पोहे देले. एका बाजूनं अत्तराचा वास, दुसऱ्या बाजूनं नव्या बुटाची करकर. मनात म्हणलं, आपल्या निराधार लोकाइची परिस्थिती बरीच सुधारली. एक जण फोनवर सांगत होता, "गाडी सर्व्हिसिंगले टाकली." उलशीक शंका आली, पण म्हणलं, ड्रायव्हर असन.

घोषणा मात्र लय मरतुकड्या. मले काही राहवलं नाही. माइक मांगतला अन् भोंग्यावरच्या आवाजात सुरू झालो, "पेन्शन आमच्या हक्काची, नाही कोण्या साहेबाच्या खिशाची." मांडव दणाणला. हाफिसाले कुलूप आहे हे मांडवात कानावर आलंच होतं, मंग मी भाषणच ठोकलं. "हाफिसाले कुलूप लावून हे कर्मचारी गेले कुठं? गरिबाची पेन्शन अडवून चहा पेत बसले असतीन."

मांडव एकदम चूप. मंग कोणीतरी म्हणे, "वरच्या हाफिसाले म्हणून राह्यले ते." तवा कुठं टाळ्या पडल्या.

मंग रोजच जाऊ लागलो. कमल शेजारणीले सांगे, "आमच्या घरचे पुढारी झाले."

एक दिवस पोहे खाता खाता मी सहज सुरडकरले विचारलं, "भाऊ, तुमाले काय आहे? डोळे का पाय?"

"मले? मले थोडी शुगर आहे."

"शुगरवर पेन्शन भेटते?"

"शुगरवर कशी भेटन? नोकरीवर. रिटायर झाल्यावर जुन्या नियमानं द्या म्हणतो आमी. मी आत निराधारचा टेबल पाहतो ना."

मी पोह्याची प्लेट खाली ठेवली. "मंग आमची पेन्शन कोण काढते?"

"मीच. पण संप आहे ना, भाऊ. यादी टेबलावरच पडून आहे. संप मिटला की पह्यलं तुमचंच काम."

"संप कवा मिटते?"

तो मोठ्या खुशीनं म्हणे, "तुमी आले तवाच संप ढिला पडला होता. लोकं घरी चालले होते. पण तुमचा आवाज लागला अन् जोर आला. आता काई लवकर मिटत नाही."

त्या दिवशी घरी जाऊन कमलले सारं सांगतलं. तिनं फुकणी उचलली. फक्त फुकणीचा आवाज येत राह्यला, लय वेळ.

पुढं एकदाचा संप मिटला. मी हाफिसात गेलो अन् बाहेरच्या बाकड्यावर बसलो. बाजूले अजून एक आंधळा भाऊ बसला होता, पेन्शनीसाठीच आलता.

तो म्हणे, "कोण्या भोंगेवाल्यानं हा संप लांबवला म्हणतात. आपल्यातलाच आहे म्हणे. बायकोच्या गोळ्या बंद झाल्या ना माह्या. भेटू दे एकदा."

मी आवाज बारीक केला. "लय नालायक माणूस असन, बा."

"नालायक काऊन? हरामखोर म्हणा."

"हाव, हरामखोरच," मी म्हणलं.

तेवढ्यात आतून सुरडकर ओरडला, "अरे, आपले घोषणावाले भाऊ आले वाट्टे. या, या, भोंगेवाले. चहा सांगा रे त्याइले."

बाजूच्या भावानं काठी हातात घेतल्याचा आवाज आला. मांडवात मले एकही आवाज धड ओळखता आला नव्हता, पण हा मात्र मी बरोबर ओळखला.