रंग उतरलेलं मांडूळ

नागपुरात आमच्या मोहल्ल्यात तेव्हा घरोघरी हातमाग होते. शेजारचा विणकर बोलताना समोरच्याकडे कधी पाहत नसे. नजर लुगड्याच्या काठावर, पाय मागाखालच्या खड्ड्यात, दाबायच्या पावड्यांवर, आणि बोलणं धोट्याच्या ठेक्यात. नवा रंगीत धागा आला की थुंकी लावून अंगठ्यानं चोळायचा. "पक्का का कच्चा, पाहून राहिलो," म्हणायचा.

त्या खड्ड्यात एकदा मांडुळाचं पिलू निघालं, लालसर, शेपटीवर काळे पट्टे. "राहू द्या. सूत कुरतडणारे उंदीर खाईल," तो म्हणाला. पुढे ते दिसेनासं झालं. दोनेक पावसाळ्यांनी त्याच खड्ड्यात मनगटाएवढा जाड, मातकट साप दिसला. अंगावर एकही पट्टा नव्हता. काठ्या घेऊन माणसं दारात जमली.

"हा दुसराच हाये, जहरी!" कोणीतरी ओरडलं. "बाजूले हो गा!"

"थोच हाये," विणकर म्हणाला. "मोठा झाला का याचा रंग उतरते. काहून मारता?"

कोणी हलेना. तेव्हा त्यानं उघडे पाय खड्ड्यात सोडले आणि माग सुरू केला. ठक, ठक. साप त्याच्या घोट्याला घासत कोपऱ्यात गेला. हळूहळू काठ्या खाली आल्या.

दुसऱ्या दिवशी मी मागावरचं ते लुगडं पाहिलं. सगळीकडे वीण एकसारखी मऊ. साप पायाशी असताना विणलेला बोटभर पट्टा मात्र इतका घट्ट ठोकलेला, की तिथं सुई शिरली नसती. मी त्यावरून बोट फिरवलं, तेव्हा त्यानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.