टेलरांची मोकळी मर्जी

“मगे देवान माझ्या हातात कातर कशाक दिल्यान? सांगा फादर! कपडो वरसूनच शिवून येता, तर मी हयसर काय माश्या मारतंय?”

टेलर ओरडत होते. गळ्यातली टेप त्यांनी चाबकासारखी ओढून टेबलावर आपटली. नव्या झग्याचं माप द्यायला आलेले आमचे तरुण फादर हात वर केलेल्या अवस्थेत तसेच उभे राहिले. त्यांचं ते माप पुढे कित्येक रविवार अर्धंच होतं, आणि त्या झग्याची एक बाही अजून लांब आहे, असं मी सगळ्यांना सांगत आलो आहे.

मालवणच्या बाजारात त्यांचं दुकान माझ्या जाळी-दोऱ्यांच्या दुकानासमोर. नावानं त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचे ते टेलर. आवाज असा, की ते वादाला बसले की धक्क्यावरच्या होड्या आपापल्या दोऱ्या ताणायच्या, आणि किल्ल्यात फिरणारे पर्यटक तोफ सुटली म्हणून गाईडच्या मागे लपायचे. तुम्ही हसाल. गाईडला विचारा.

वाद एकच. माणूस तरतो तो स्वतःच्या मर्जीने, की देवानं ज्याला आधीच निवडून ठेवलं तोच तरतो? यावर ख्रिस्ती धर्मात शेकडो वर्षं मोठमोठे पंडित भांडत आले आहेत, असं फादर सांगायचे. स्वतः त्यांचं म्हणणं, कृपा आधी येते. ती हात देते तेव्हा कुठे माणसाची मर्जी उठून उभी राहते. टेलरांचं म्हणणं त्याहून आखूड होतं. “देवान मर्जी मोकळी सोडल्यान. आता तेणा मधी बोलूचा नाय.”

काडी टाकायला मी होतोच. “टेलरानू, आमच्याकडे सटवाय बारशाच्या आधीच कपाळार सगळा लिवन मोकळी होता.”

“तुमच्या सटवायचा अक्षर वाचूक येता कोणाक? आमचो देव कोरो कपडो देता रे. फाटलो तर आपण फाडलो!”

गिऱ्हाइकालाही हेच. पँट कमरेत घट्ट झाली म्हणून कोणी आला की टेलर म्हणायचे, “शिवली तेव्हा ढिली होती. मगे जेवलो कोण? देव?”

त्यांचा एकुलता मुलगा ट्रॉलरवर इंजिन बघायचा, आणि प्यायचा. टेलरांनी त्याला कधी मारलं नाही आणि कधी आणायलाही गेले नाहीत. “आपल्या मर्जीन गेलो, आपल्या मर्जीन येतलो.” बायको होती तोवर ती जायची. ती वारल्यावर कोणी जाईना. शेवटी फादरांनीच त्याला बारच्या पायरीवरून उचललं आणि गोव्याच्या बाजूला एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवलं.

नाताळच्या आधी तो परत आला तो ओळखू येईना. गाल भरलेले, डोळे स्वच्छ. टेलरांनी त्याच्यासाठी शर्ट शिवला आणि कॉलर मनासारखी बसेना म्हणून पुन्हा पुन्हा उसवली. दुकानात गर्दी जमली होती. फादरही होते. कोणीतरी त्याची पाठ थोपटून म्हणालं, “जिंकलंस रे बाबू!” तर तो म्हणतो कसा, “मी काय करूक नाय. माका दारू सोडूची होती असा पण नाय. ता वाटणा सुद्धा कोणीतरी माका दिल्यान.”

फादरांचा चेहरा उजळला. “बघा टेलर, हेच तर मी सांगतो. इच्छासुद्धा दिलेली असते.”

टेलरांनी हातानं शर्ट शिवावा आणि लोकांनी तो रेडिमेड म्हणून ओळखावा, तसं त्यांचं तोंड झालं. “म्हणजे माझ्या झिलाचा हेच्यात कायच नाय?” ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू आवाजात. मुलाला कोणी वाचवलं याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. तो आपल्या बळावर उठला, एवढं त्यांना सगळ्या बाजाराला दाखवायचं होतं.

आमच्या तिठ्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, मे महिन्यात लादीन असते. मेणबत्त्या, फुलांचे हार, व्हायोलिन, प्रार्थनेची गाणी. गाणी संपली की यजमान प्रत्येकाला उकडलेले हरभरे आणि फेणीचा छोटा ग्लास देतो. आम्ही हिंदूही जातो, आणि हरभऱ्यांसाठी जातो असं घरी सांगतो. ज्याला फेणी नको तो मान हलवतो, यजमान पुढे सरकतो. त्या वर्षी यजमान टेलर होते.

इथून पुढे मला वाढवून सांगता येत नाही. प्रयत्न केला होता.

ट्रे घेऊन टेलर मुलापाशी आले. मुलानं मान हलवली. टेलर पुढे सरकले नाहीत. ट्रे डाव्या हातावर पेलून त्यांनी उजव्या हातानं एक ग्लास उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

“फादर, हयसर बघा. हेचो हात कोणी धरूक नाय. देवान नाय, तुमी नाय, मी नाय. सांग रे. व्हयो की नको?”

“नको पप्पा.”

“मोठ्यान! फादरांका आयकूक येव दे!”

“नको!”

“टेलर, खाली ठेवा तो,” फादर म्हणाले. जागचे हलले मात्र नाहीत. आम्हीही नाही.

“असो नको. ग्लासाक बघून सांग.”

हात तसाच पुढे. मेणबत्त्यांवरून वारा गेला. मुलगा ग्लासाकडे बघत राहिला, मग बापाकडे. मग त्यानं ग्लास घेतला, प्याला, आणि रिकामा ग्लास ट्रेमध्ये नीट जागेवर ठेवून चालू लागला.

टेलर पुढच्या माणसाकडे वळले. त्यानं मान हलवली. त्याच्या पुढच्यानंही. भरलेला ट्रे घेऊन ते शेवटपर्यंत गेले. आम्ही सगळे आपापल्या हातातले हरभरे बघत होतो.

मुलगा पुन्हा बारच्या पायरीवर आला. फादर दुकानात येऊन समजूत घालू लागले, “टेलर, देवाच्या मनात काय असतं ते आपल्याला...”

“फादर, देवाक हेच्यात ओढू नकात. ग्लास मी धरलंय.”

त्यानंतर त्यांचा आवाज कोणी ऐकला नाही. चर्चमध्ये ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे. कम्युनियनचा प्रसाद घ्यायला सगळे उठले की रुमालाच्या घड्या घालत राहायचे. संध्याकाळी दुकान बंद करून बारकडे जायचे; आत नाही, रस्त्यापलीकडे, बारकडे पाठ करून उभे. मुलगा बाहेर पडला की त्याचा हात आपल्या खांद्यावर घेऊन बाजारातून घरी न्यायचे. ते येताना दिसले की मी दोरीची गुंडाळी उचलून दुकानात मागे जायचो. त्यांना माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून.

गेल्या पावसाळ्यात टेलर गेले. मुलगा त्या दिवशी प्यालेला नव्हता. पुढचं मला विचारू नका. माती देऊन झाल्यावर सिमेतरीच्या गेटापाशी आम्ही दोघंच मागे राहिलो, आणि माझ्यानं राहवलं नाही.

“तू नको म्हटलंस. मोठ्यान म्हटलंस. मगे घेतलंस कशाक रे?”

तो चपलेची माती झटकत होता.

“पप्पांचो हात कापत होतो,” तो म्हणाला. “किती येळ धरून उभे रवतले?”